टपावरची तीन भोकं

मंगळवार, ४

गाडी आली. दार उघडल्यावर आतून जो भपकारा आला, त्याला वास म्हणणं म्हणजे वासाचा अपमान आहे. ओलं पायपुसणं आणि कुणाचे तरी मोजे एका पातेल्यात शिजत घातले तर असं काही निघेल. सीटखालचा कचरा काढायला हात घातला तर बोटांना कापलेली नखं लागली. माणसाची. तीही एखाददुसरं नाही, कुणीतरी हौसेने जमवून ठेवल्यासारखी. साबणाने हात धुतले, परत धुतले, आणि तरी दुपारी त्या हाताने जेववेना. शेवटी चमच्याने जेवले.

ही गाडी म्हणजे माझं चष्म्याचं दुकान होणार आहे, हे मला दिवसभर स्वतःलाच सांगत बसावं लागलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात डोळे तपासले. तपासणार मी, आणि गिऱ्हाईक हात जोडणार मालकासमोर. त्या माणसाचं ते तेलकट हसू आता बघावं लागणार नाही, एवढ्यावरच मी निम्मी खूश आहे. ज्यांना दुकानापर्यंत येववत नाही त्यांच्या दारात मी जाणार. पहिलं काम ठरलंय ते वृद्धाश्रमाचं.

गाडी आधी एका सिक्युरिटी कंपनीकडे गस्तीला होती, म्हणून टपावर तीन अँटेना आहेत. कारखान्यातूनच तशी बनून आलेली. एक उंच काडी टपाच्या बरोबर मध्यावर, एक आळंब्यासारखा गोळा डाव्या कडेला आणि एक माशाच्या परासारखं काहीतरी मागे. तिन्हींच्या बुडातून पाणी गळतं. आतल्या अस्तरावर पिवळे-तपकिरी डाग पडलेत. ते कसले दिसतात ते लिहीत नाही.

आणि इथेच सगळं अडलंय. डोळे तपासायचं मशीन ज्या कंपनीकडून भाड्याने मिळणार आहे, तिचा माणूस शुक्रवारी, २१ तारखेला गाडी बघायला येणार. त्याची अट एकच, छत कोरडं ठणठणीत पाहिजे. एक थेंब दिसला तर मशीन रांगेतल्या पुढच्या माणसाला.

नवरा म्हणाला, मी करतो. न करून सांगतो कुणाला? जन्मभर त्याने टॉवरवर चढून अँटेनाच बसवल्या. बसवणाऱ्याला काढता येऊ नयेत? गेलं दीडेक वर्ष घरीच आहे, वेळच वेळ आहे.

गुरुवार, ६

त्याने आतलं अस्तर खाली उतरवलं. आतला फोम काळा पडलाय आणि दाबला की पाणी सोडतो. त्यात मेलेले किडे, आणि एक पाल, वाळून पुठ्ठा झालेली. ती त्याच्या खांद्यावर पडली. त्याने चिमटीत धरून बाजूला ठेवली, बटण तुटून पडावं तशी. मी बाहेर उभी राहून बघत होते आणि माझ्याच अंगावर काटा आला.

त्याची एक नवीन खोड आहे, म्हणजे नवीन नाही, काम सोडून घरी बसल्यापासूनची. गाडीच्या आतून मधूनच ओरडतो, "आहेस का?" मी स्वयंपाकघरात. असणार नाही तर जाणार कुठे? उत्तर दिलं नाही की मग हा हातातलं काम टाकून, काळ्या हातांनी, दारापर्यंत येऊन मला बघून जातो. काय हवंय विचारलं तर काही नाही. बाथरूममधूनही तेच, गच्चीच्या जिन्यावरूनही तेच. लहान मूल परवडलं, त्याला निदान काहीतरी हवं असतं.

आज मी ठरवून उत्तर दिलं नाही. पाच-सहा वेळा आला आणि गेला.

शुक्रवार, ७

अँटेना निघाल्या, पण कशा ते लिहायलाही लाज वाटते. आतून नट सोडवले, वायरी कापल्या आणि गाडीत उभं राहून, झाडूच्या दांड्याने खालून ढोसून ढोसून त्या वर उडवल्या. काडी घरंगळत जाऊन समोरच्या काचेवर आपटली. काच वाचली ती नशिबाने. आळंबं गटारात गेलं. मी म्हटलं, शिडी लावून वरून उचलल्या असत्या तर काय हात झडले असते? तर म्हणे, "निघाल्या ना?"

हा माणूस एकेकाळी ढगात चढायचा. जत्रेत मिरवावं तसा मला फोटो दाखवायचा, खाली गावं मुंगीएवढी आणि हा वर दात काढून. आता गाडीच्या टपापर्यंत जायचा कंटाळा. आळस माणसाला किती कुरूप करतो, ते घरात रोज बघायला मिळतंय.

भोकांभोवती गंजाचं कडं आहे, आणि त्या गंजात आधीच्या कुणीतरी च्युइंगम चिकटवलंय. गळती थांबवायला. मी पाहिलं, त्यावर दातांचे ठसे आहेत.

रविवार, ९

आज भोकं बुजवली. आतून. खाली उभा राहून छताकडे तोंड करून सीलंट थापत होता. निम्मं भोकात गेलं आणि निम्मं त्याच्या केसांत.

संध्याकाळी मी पाइप घेऊन खालूनच टपावर पाणी सोडलं. काडीच्या भोकातून आधी एक थेंब लोंबला, मग थेंबामागून थेंब. गंजाचं पाणी, चहासारखं. माझ्या नव्या चटईवर.

त्यानेच मला लग्नानंतर कौतुकाने शिकवलं होतं, की पाणी बाहेरून येतं, ते बाहेरच अडवायचं. आतून कितीही लिंपा, ते पत्र्याच्या कडेने वाट काढणारच. टॉवरखालच्या खोल्यांची भोकं तो तशीच बुजवायचा. आज त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं. तो केसांतलं सीलंट काढत बसला.

सोमवार, १०

गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या डेंटरला बोलावलं. आला, बुटाची टाच गाडीच्या पायरीवर ठेवून उभा राहिला आणि दात कोरत म्हणाला, वेल्डिंग करून टाकू, तीन आठवडे गाडी माझ्याकडे ठेवा. तीन आठवड्यांत माझं मशीन कुणाच्या तरी गाडीत बसून डोळे तपासत असेल. म्हटलं नको. जाता जाता फुकटचा सल्ला दिलाच, की वर चढा, भोकाभोवतीचा गंज खरवडा, प्रायमर मारा, सीलंट लावून पत्र्याची गोल चकती दाबून बसवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आतून कसलं लिंपताय.

हे सांगताना तो माझ्या नवऱ्याकडे बघून हसला. नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. डेंटरच्या दातकोरणीपेक्षाही मला त्या खाली घातलेल्या मानेचा जास्त संताप आला. त्याला ठणकावून सांगायचं ना, की बाबा, हे काम तू जन्माला यायच्या आधीपासून मी करतोय.

बुधवार, १२

पुन्हा आतून. या वेळी सुबक, बोटाने गुळगुळीत केलेलं. पुन्हा गळलं.

मी बोलले. तोंडाला येईल ते बोलले. सासूबाई मध्ये पडल्या. मला म्हणाल्या, "त्याला वर चढायला सांगू नकोस." मी म्हटलं, तुमच्या लाडानेच तो असा झालाय. त्या एवढंच म्हणाल्या, की मी आई आहे, तू बायको आहेस, तुला माझ्यापेक्षा जास्त दिसायला पाहिजे. टोमणा मारून झोपायला गेल्या. दिवसाउजेडी. डोळे तपासणाऱ्या बाईला दिसण्याबद्दल ऐकवतात.

मला दिसतं सगळं. कामावरचा जोडीदार गेला म्हणून त्याने हाय खाल्ली. तो बुटक्या, वर्षानुवर्षं याच्याबरोबर होता, आमच्या घरी यायचा, बशीत चहा ओतून फुर्र करून प्यायचा. मला शिसारी यायची त्या आवाजाची. टॉवरच्या बुडाशी उभा असताना त्याचं हृदय बंद पडलं. हा वर होता. याला साधं खरचटलंही नाही. घरी आला, बूट माळ्यावर टाकले आणि कामाचा राजीनामा दिला. त्याबद्दल कधी चकार शब्द नाही. वाईट वाटणारच, मलाही वाटलं. पण एक माणूस हृदयाने गेला म्हणून दुसऱ्याने हातपाय गाळून बसायचं? वाईट वाटण्यालाही काही मुदत असते.

शनिवार, १५

आज शेवटी मीच चढले. मी शिडी लावतेय हे बघितल्यावर तो धावत आला आणि शिडी धरून उभा राहिला, आणि खालून एकसारखा, मी काही विचारलेलं नसताना, "आहे. आहे. आहे." म्हटलं, आहेस ते दिसतंय मला, बडबड बंद कर. तरी चालूच, बारीक आवाजात.

वर पोचल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की मागचं भोक बुजवलेलं होतं. बाहेरून. गंज खरवडून, चकती बसवून, कडेला सीलंटची रेघ इतकी सरळ की पट्टी धरून ओढावी. मी परवा बाजारात गेले होते तेव्हा केलं असणार, आणि मला सांगितलंसुद्धा नाही. ते शिडीवर उभं राहून हाताला येतं.

पण दुसरं. डाव्या कडेचं. तिथे चकती वाकडी, अर्धी भोकाबाहेर, सीलंट हातभर फासलेलं आणि त्यात एक अख्खा पंजा उमटलेला. पाचही बोटं, नखांसकट, आणि मग पत्र्यावरून खालपर्यंत ओढत गेलेल्या चार रेघा. लेकराने भिंतीला शेंबूड पुसावा तसं. असं गलिच्छ काम मी त्याच्या हातून कधी बघितलं नव्हतं. एक नीट करायचं आणि दुसऱ्याला वाटेल तसं फासून उतरायचं, याला काय म्हणावं?

काडीचं भोक मध्यावर. तिथे शिडीवरून हात पोचत नाही, टपावर आडवं व्हावं लागतं. मी एक गुडघा ठेवला. पत्रा ढब्ब करून आत बसला. माझं वजन काय ते गाडीने सगळ्या गल्लीला सांगितलं. उतरले. त्याने आतून बुक्की मारून खळगा वर काढला. हसला असता तर मी त्याला तिथेच हाणला असता, पण तो हसला नाही. शिडी भिंतीला लावली आणि तिथेच खाली बसला. मला वाटतं उपाशी होता.

मध्यावर जायला तोच पाहिजे, हे मात्र आज पक्कं झालं. तो काटकुळा आहे, त्याला पत्रा पेलतो.

मंगळवार, १८

तीन दिवस उरले. सासूबाई नणंदेकडे गेल्या, आमची तोंडं बघून कंटाळल्या म्हणून. त्या घरात नाहीत म्हणून मी आज गाडीत जाऊन दार लावून घेतलं आणि स्पष्ट विचारलं, की माझं दुकान होऊ नये असं तुला वाटतं का. मालकाकडे परत जाऊन त्याचं ते हसू बघत मी म्हातारी व्हावं असं आहे का तुझ्या मनात?

तो त्या कुजक्या फोमच्या ढिगावर बसलेला. त्याला घाण वाटत नाही कशाचीच. माझ्याकडे न बघता बोलला. जसं बोलला तसं लिहून ठेवते.

"टॉवरवर दोर खालच्याच्या हातात असतो. वरच्याने पाऊल टाकायच्या आधी विचारायचं, आहेस? खालचा म्हणणार, आहे. मग पाऊल. उत्तर आलं नाही तर हलायचं नाही. काहीही झालं तरी हलायचं नाही. नव्या लोकांना हा नियम मीच शिकवायचो."

मी म्हटलं, मग?

"मी विचारलं. उत्तर आलं नाही. मी हललो नाही."

वरून त्याला बुटक्याची टोपी दिसत होती. त्याला वाटलं, बसलाय. वाटलं, फोनवर असेल, उन्हाने गळाठला असेल. तो विचारत राहिला. घसा बसेपर्यंत विचारत राहिला, आणि नियम म्हणून जागचा हलला नाही. दुसरी टोळी दुपारी डबा घेऊन आली तेव्हा त्यांनी दोर धरला आणि हा उतरला. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, लवकर आणला असता तर वाचला असता.

"दोराशिवाय, सुटा उतरलो असतो तर," तो म्हणाला. "येत होतं मला सुटं उतरायला."

मी म्हटलं, चहा ठेवते. मग ठेवला नाही, तिथेच बसले, त्या फोमवर. साडीला तो काळा चिखल लागला आणि आत्ता लिहितानाही त्याचा वास येतोय. मला त्या डॉक्टरची किळस आली. लवकर आणला असता तर, हे कुणाला ऐकवतो? हातात काही उरलं नाही की असली वाक्यं लोकांच्या अंगावर फेकायची आणि हात धुवायला जायचं. आणि बुटक्याच्या त्या बशीतल्या चहाबद्दल मी जे जे बोलले होते, तेही सगळं आठवत बसलं. ते कशाला आठवायला पाहिजे होतं?

शेवटी मी विचारलं, मी शिडी धरली तर चढशील का?

तो म्हणाला, "शिडी धरायला नको. उत्तर दे."

बुधवार, १९

डाव्या कडेचं ते गलिच्छ भोक आज साफ केलं. तो शिडीच्या एकेका पायरीवर थांबायचा. "आहेस?" मी म्हणायचे, आहे. आधी मला हसू येत होतं, गाडीभोवती खेळ चाललाय असं वाटत होतं. मग मी एकदा नाक शिंकरायला थांबले आणि उत्तर राहिलं. वर बघितलं तर त्याचं पाऊल अर्ध्यात लोंबतंय आणि मानेवरून घाम असा वाहतोय की शर्ट पाठीला चिकटला. मी घाईने म्हटलं, आहे आहे, शेंबूड पुसतेय. मग पाऊल खाली टेकलं.

नंतर मी शिंकरलं नाही. नाकातून ओठावर आलं तरी शिंकरलं नाही. हे मी इतर कुणासाठी केलं नसतं, हे इथे नोंदवून ठेवते.

पंजाचा ठसा त्याने पातीने खरवडून काढला. चकती बसली. रेघ पुन्हा पट्टीसारखी आली. उद्या मध्यावरचं.

शुक्रवार, २१

काल दिवसभर पाऊस. पत्रा ओला असला की सीलंट धरत नाही, म्हणून ते काम आजच्यावर आलं. मशीनवाला तिसऱ्या प्रहरी येणार होता. सकाळी लवकर सुरू केलं तर दुपारपर्यंत वरून तरी सुकेल, आणि आतून कोरडं दिसेल, असा हिशेब.

गाडी उभी आहे त्या घरामागच्या आवाराला जाळीचं फाटक आहे. त्याला रात्री घातलेलं कुलूप तसंच होतं, किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला.

तो चढला. शिडीवरून टपावर जाताना फार वेळ गेला. आधी कोपर, मग छाती, मग एकेक गुडघा, पत्र्याखालच्या पट्टीवर नेमका. प्रत्येकाला "आहेस?" आणि प्रत्येकाला माझं "आहे." एकदाचा पोटावर आडवा झाला आणि मला फक्त त्याचे तळवे दिसायला लागले. मळके, भेगा पडलेले. एरवी मी म्हटलं असतं, आधी पाय धू. कानशीचा आवाज सुरू झाला. गंजाचा भुगा माझ्या तोंडावर पडत होता, डोळ्यांत जात होता, जिभेवर लोखंडाची चव. मी तोंड मिटू शकत नव्हते. आहे. आहे. थू. आहे.

प्रायमर मारून तो सुकायची वाट बघत तिथेच पडून राहिला, आणि तेवढ्यात फाटकापाशी हॉर्न वाजला.

मशीनवाला. काही तास आधीच. जाळीतून बोटं घालून उभा. म्हणाला, दुपारचं दुसरीकडे ठरलंय, आत्ताच बघून घेतो, उघडा. मी म्हटलं, जरा थांबा. वरून, "आहेस?" मी म्हटलं, आहे. मशीनवाला म्हणाला, अहो आहे ते दिसतंय, उघडा ना.

किल्ली आणायची म्हणजे घरात जायचं. घरातून ओरडलेलं टपावर पोचेल याचा भरवसा नव्हता, आणि उत्तर आलं नाही की त्याचं काय होतं ते मला चांगलं माहीत होतं, कारण त्याच घरात बसून मी मुद्दाम उत्तर देत नव्हते. वर त्याने सीलंटची नळी दाबायला घेतली होती. चकती त्याच्या दातांत धरलेली असणार, कारण "आहेस" जरा बोबडं आलं. मी म्हटलं, आहे.

मशीनवाल्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, ताई, मला पुढे दोन ठिकाणं आहेत, दोन मिनिटांचं काम आहे, नाहीतर मी रांगेतल्या पुढच्याला फोन लावतो. मी सांगितलं, की माणूस वर आहे, मला इथून हलता येत नाही. त्याने टपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिडीला न धरता, हात बांधून, गाडीच्या टपाशी बोलणारी, तोंडाला गंज फासलेली बाई. तो म्हणाला, "तुम्ही धरलेलं तर काहीच नाही."

"आहेस?"

"आहे," मी म्हटलं.

त्याने अजून एकदा हॉर्न वाजवला. तेवढा हॉर्न मी आयुष्यात कुणाचा सहन केला नसेल. त्याच्या त्या इस्त्रीच्या बाहीकडे आणि जाळीतून आत आलेल्या गुबगुबीत बोटांकडे बघून वाटलं, वरची सीलंटची नळी घेऊन त्याच्या तोंडालाच चकती बसवावी. मग तो गेला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला, आणि त्याच्याबरोबर माझं मशीनही गेलं हे मला कळत होतं. मी तोंडाने आहे, आहे म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, गंजाने आणि रागाने.

तो उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जमिनीवर पाय टेकल्यावर त्याने शिडीला कपाळ लावलं आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "हॉर्न कुणाचा होता?"

"मशीनवाल्याचा."

"गेला?"

"गेला."

"मग तू का नाही गेलीस उघडायला?"

मी म्हटलं, "तू विचारत होतास ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पदराने तोंड पुसायला घेतलं, तर म्हणे, थांब, गंज डोळ्यात जाईल, आणि ओला रुमाल आणून स्वतः पुसलं. रुमाल कुठला होता देव जाणे. मी विचारलं नाही.

शनिवार, २२

मशीनवाल्याला फोन केला. विनवण्या केल्या, जे मला शोभत नाही. मशीन दिलं म्हणाला, काल दुपारीच. दुसरं कधी मिळेल ते सांगता येत नाही. वर म्हणाला, तुमच्या घरी काही अडचण आहे का? मी म्हटलं, होती, आणि फोन ठेवला.

दुपारभर मी भांडी आपटली. नवऱ्यावर आपटायची सोय राहिली नाही, म्हणून भांड्यांवर.

मग कपाटाच्या वरच्या फळीवरून माझी जुनी पेटी काढली. सुट्या भिंगांची. मशीनं नव्हती तेव्हा आम्ही असेच डोळे तपासायचो, जड चौकट नाकावर ठेवायची आणि एकेक भिंग घालून विचारायचं, हे बरं की हे. वेळखाऊ काम. अस्तराच्या मखमलीवर बुरशी आली होती. ती बघून परत ओकारी आली, पण भिंगं चांगली निघाली. वृद्धाश्रमाच्या बाईंना फोन करून सांगितलं, की मशीन नाही, वेळ लागेल. त्या म्हणाल्या, आमच्याकडे वेळच आहे. छत गळत नाही ना तेवढं बघा, गाडीत यायला आमची माणसं घाबरतात.

रविवार, २३

सीलंट आज पूर्ण धरलं. नवं अस्तर लावायच्या आधी पाणी मारून बघायचं ठरलं. तो आत, अंधारात, बॅटरी घेऊन, दारं-खिडक्या बंद. मी शिडीवर, पाइप हातात. तिसऱ्या पायरीच्या वर गेले की मी खाली बघत नाही, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिन्ही चकत्या वरून बघितल्या. मध्यावरची सर्वांत चांगली. तिच्या बाजूला, पत्र्यावरच्या धुळीत, त्याच्या पोटाचा आणि हनुवटीचा ठसा होता. पाण्याची धार सोडली तसा तो वाहून गेला. पाणी भोकांच्या जागी घोटाळलं, चकत्यांभोवती फिरलं आणि कडेने खाली उतरलं. मी सोडतच राहिले. आतून काही आवाज नाही. बॅटरीचा उजेड खिडकीतून दिसत होता, तोही हलेना. जरा जास्तच वेळ झाला. मी पाइप बंद केला. तरीही आतून काही नाही. शिडी माझ्या वजनाने एकदा कच्चकन सरकली आणि माझा हात टपाच्या कडेला गच्च बसला.

"आहेस का रे?" मी म्हटलं.

"आहे," तो आतून म्हणाला. "कोरडं आहे."